संगणकाचा उंबरठा बदलताना

नागझिऱ्याच्या जंगलाभोवती साकोली, सडक-अर्जुनी, गोरेगाव, तिरोडा अशी बाजाराची गावे आहेत. साकोली भंडारा जिल्ह्यात, उरलेली तीन गोंदिया जिल्ह्यात. या भागाचा व्यापार मुख्यतः धानावर चालतो. दिवाळीच्या सुमारास कापणी सुरू झाली की आवक वाढते, गिरण्या रात्रंदिवस चालू लागतात आणि पेढीवरच्या माणसाला मान वर करायला सवड राहत नाही. अशा पेढीच्या एका कोपऱ्यात संगणक असतो. कीर्द, खतावणी, जीएसटीची बिले, ई-वे बिले, उधारीची यादी आणि वजनकाट्याच्या पावत्या या सर्वांचा भार त्या एका यंत्रावर असतो. यंत्र जुने असते, पण चालते. म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही.

विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, थांबवला. तेव्हापासून हा विषय बाजारगावांतील पेढ्यांपर्यंत पोहोचला आहे. विंडोज ११ घ्यायला गेले की पडद्यावर संदेश येतो: संगणकात सिक्युअर बूटची सोय असली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी या संदेशाचा अर्थ 'यंत्र निकामी झाले' असा लावला जातो. मग एक तर चांगला संगणक कवडीमोलाने काढून टाकला जातो, नाही तर कोणी ओळखीचा मुलगा 'एकदा फॉरमॅट मारून देतो' म्हणतो आणि त्यात वर्षानुवर्षांचा हिशेब पुसला जातो.

प्रत्यक्षात अनेक यंत्रांमध्ये ही सोय मुळातच असते, पण ती बंद असते. संगणक सुरू होण्याची पद्धत जुनी निवडलेली असते, एवढाच दोष. ती पद्धत बदलता येते आणि बहुतेक वेळा आतील माहितीला धक्का न लावता बदलता येते. मात्र त्या कामाला एक ठरलेला क्रम आहे. तो मोडला की संगणक सुरूच होत नाही, आणि खरे नुकसान त्यानंतरच्या घाईत होते.

दोन पद्धती कोठून आल्या

संगणकाचे बटण दाबल्यावर विंडोज लगेच जागी होत नाही. त्याआधी मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम साठवलेला छोटा प्रोग्रॅम चालतो. तो कळफलक, पडदा, स्मरणशक्ती आणि डिस्क तपासतो आणि मग विंडोजच्या हाती कारभार सोपवतो. या कायम प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. पेढीचे कुलूप काढून, दिवा लावून, गादी झटकून ठेवणारा माणूस मालकाच्या आधी येतो, तसे हे काम आहे.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला वैयक्तिक संगणक आला, तेव्हा या प्रोग्रॅमला बायोस हे नाव होते. तो त्या काळच्या यंत्राच्या मापाने लिहिला होता. पुढे यंत्रे हजारो पटींनी मोठी झाली, पण सुरुवात करून देणारा माणूस तोच राहिला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेल कंपनीने आपल्या मोठ्या सर्व्हर यंत्रांसाठी नवी पद्धत आखली. २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन तिचे सामाईक मानक सांभाळण्यासाठी मंच स्थापन केला. त्या पद्धतीचे नाव यूईएफआय. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यानंतर बाजारात येणारे बहुतेक संगणक यूईएफआयसह येऊ लागले.

जुन्या प्रणाली वापरणाऱ्यांची अडचण होऊ नये म्हणून उत्पादकांनी नव्या फर्मवेअरमध्ये जुन्या बायोससारखे वागण्याची सोय ठेवली. सेटिंगच्या पडद्यावर ती 'लेगसी' किंवा 'सीएसएम' या नावाने दिसते. ही तडजोड काही वर्षांपुरती होती. आपल्याकडे मात्र ती मुक्कामाला राहिली. विंडोज ७ च्या दिवसांतील पेनड्राइव्हवरूनच पुढची प्रणाली बसवली गेली. २०१५ पासून विंडोज ७ वरून विंडोज १० वर मोफत जाता आले, पण त्या बदलात सुरुवातीची पद्धत जुनीच राहिली. संगणक मंद झाला म्हणून जुनी डिस्क काढून वेगवान एसएसडी बसवताना जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल उतरवली गेली आणि नकलेबरोबर जुनी पद्धतही उतरली. त्यामुळे २०१८ किंवा २०१९ सालचा उत्तम संगणक आजही १९८१ च्या रीतीने जागा होत असतो.

वहीचे पहिले पान

सुरुवातीच्या पद्धतीशी डिस्कची मांडणी जोडलेली असते, आणि सारी गुंतागुंत येथेच आहे.

जुन्या मांडणीला एमबीआर म्हणतात. ती १९८३ पासून चालत आली आहे. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या कप्प्यात तिचा सर्व कारभार मावतो: ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांना, ६४ बाइट विभागांच्या नोंदीला आणि शेवटचे २ बाइट खुणेला. विभागांच्या नोंदीत चारच ओळी बसतात, म्हणून मुख्य विभाग चारच करता येतात. जागा मोजण्यासाठी जो आकडा वापरला जातो, तो ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ या मर्यादेपलीकडे जात नाही. प्रत्येक कप्पा ५१२ बाइटचा धरला तर सुमारे २ टेराबाइटपलीकडची जागा या पद्धतीला दिसतच नाही. चार टेराबाइटची डिस्क आणून जोडली आणि निम्मीच वापरता आली, असा अनुभव येतो तो याच कारणाने.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही अशी खतावणी आहे की जिची अनुक्रमणिका फक्त पहिल्या पानावर आहे. ते पान फाटले तर खाती वहीत असतात, पण कोणते खाते कोठे आहे ते कळत नाही.

नव्या मांडणीला जीपीटी म्हणतात. तिच्यात विभागांची नोंद डिस्कच्या सुरुवातीला असते आणि तिचीच दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. दोन्ही नोंदींसोबत त्यांची बेरीज-तपासणी लिहिलेली असते, त्यामुळे नोंद बिघडली की संगणकाला ते कळते आणि दुसऱ्या प्रतीवरून ती सावरता येते. विंडोजमध्ये १२८ विभागांपर्यंत सोय मिळते, आणि जागेची मर्यादा आजच्या कोणत्याही पेढीच्या गरजेच्या कितीतरी पुढे आहे.

नियम असा आहे की विंडोज जुन्या पद्धतीने सुरू होत असेल तर तिची डिस्क एमबीआर हवी. यूईएफआय पद्धतीने सुरू होत असेल तर डिस्क जीपीटी हवी. म्हणजे फर्मवेअर आणि डिस्क या दोघांनी एकाच वेळी रीत बदलली पाहिजे. एकाने बदलली आणि दुसऱ्याने नाही, तर बटण दाबल्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' एवढेच वाक्य दिसते.

नमुना सहीची पडताळणी

नव्या पद्धतीचा आग्रह केवळ मोठ्या डिस्कसाठी नाही. बँकेत धनादेश आला की खातेदाराची सही नमुना सहीशी ताडून पाहतात. सिक्युअर बूट हे काम संगणकाच्या सुरुवातीला करते. विंडोजचा आरंभ करणारा प्रोग्रॅम मान्यताप्राप्त सहीचा आहे का, हे फर्मवेअर आधी पाहते आणि सही जुळली तरच पुढे जाऊ देते. जुन्या पद्धतीत अशी पडताळणी नव्हती. पहिल्या कप्प्यात जे लिहिलेले असेल ते चालवले जाई, मग ते कोणीही लिहिलेले असो.

याचा अर्थ काय होतो, हे महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिले. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या नावाने पुढे ओळखला गेलेला संगणकीय हल्ला युक्रेनमध्ये सुरू झाला. तेथील व्यापारी करविवरणासाठी जो हिशेबाचा प्रोग्रॅम वापरत, त्याच्या अद्ययावतीकरणातूनच तो पसरला. मेर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत तो शिरला आणि तिच्या समूहातील कंपनीकडून चालवले जाणारे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल त्याच्या कचाट्यात सापडले. टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले आणि कंटेनर साठून राहण्याची वेळ आली. मेर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले.

हा विषाणू डिस्कचा तोच पहिला कप्पा बदलत असे. संगणक पुन्हा सुरू झाला की डिस्क तपासली जात असल्याचा देखावा पडद्यावर येई, आणि त्या आड फाइलींची अनुक्रमणिका कुलूपबंद होई. सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रावर पहिल्या कप्प्यातील हा बनावट प्रोग्रॅम चालू शकत नाही. अर्थात विषाणूचा दुसरा भाग विंडोज चालू असतानाच फाइली बिघडवत असे, आणि त्यापासून केवळ सिक्युअर बूटने बचाव होत नव्हता. दाराला चांगले कुलूप लावले म्हणून तिजोरी उघडी ठेवता येत नाही. सुरक्षित सुरुवात, वेळच्या वेळी अद्ययावत होणारी प्रणाली आणि वेगळी ठेवलेली नक्कल, या तिन्ही गोष्टी लागतात.

बँकांनाही हा धडा नियमाच्या रूपाने मिळाला. २१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने एटीएम यंत्रांविषयी परिपत्रक काढले. अनेक एटीएम तेव्हाही विंडोज एक्सपीवर चालत होती, जिचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला होता. ऑगस्ट २०१८ पर्यंत प्रत्येक यंत्राच्या बायोसला पासवर्ड घालावा, यूएसबीची दारे बंद करावीत, आणि जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने सर्व यंत्रे आधार असलेल्या प्रणालीवर आणावीत, असे त्यात सांगितले होते. रोख रकमेच्या यंत्राला जी शिस्त लागते, तीच हिशेबाच्या यंत्राला लागते.

आपले यंत्र कोणत्या वर्गातले

खर्च ठरवण्यापूर्वी यंत्राचा वर्ग ठरवावा. या कामाला पंधरा मिनिटे पुरतात आणि त्यात काहीही बदलावे लागत नाही.

विंडोजच्या शोध चौकटीत 'सिस्टिम इन्फर्मेशन' हे नाव इंग्रजीत लिहिले की एक यादी उघडते. तिच्यात 'बायोस मोड' अशी ओळ असते. तिच्यासमोर 'यूईएफआय' असेल तर यंत्र नव्या पद्धतीवरच आहे; 'लेगसी' असेल तर जुन्या. त्याच यादीत प्रोसेसरचे नाव आणि प्रणाली ६४ बिटची आहे की ३२ बिटची, हेही दिसते. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून डिस्कच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये गेले की ती एमबीआर आहे की जीपीटी, ते कळते.

यावरून तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग यूईएफआयवर असलेल्या यंत्रांचा. त्यांना फार तर सिक्युअर बूट आणि टीपीएम ही दोन सेटिंगे चालू करावी लागतात. टीपीएम ही किल्ल्या जपून ठेवणारी सोय असून विंडोज ११ ला तिची दुसरी आवृत्ती लागते. स्वतंत्र चिप दिसत नसली तरी इंटेलच्या यंत्रांत 'पीटीटी' आणि एएमडीच्या यंत्रांत 'एफटीपीएम' या नावाने ती फर्मवेअरमध्ये बहुधा असते.

दुसरा वर्ग क्षमता असूनही लेगसीवर अडकलेल्या यंत्रांचा. साधारणपणे इंटेलचे आठव्या पिढीचे आणि त्यापुढचे प्रोसेसर, तसेच एएमडीचे रायझन २००० मालिकेपासूनचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहेत. प्रोसेसर यादीत आणि बायोस मोड लेगसी, असे असेल तर हा लेख त्याच यंत्रासाठी आहे. असे यंत्र भंगारात देणे म्हणजे कुलूप अडकले म्हणून दुकान विकण्यासारखे आहे.

तिसरा वर्ग प्रोसेसरच यादीबाहेर असलेल्या यंत्रांचा. सुरुवातीची पद्धत बदलूनही त्यांना विंडोज ११ नियमाने मिळत नाही. आडमार्गाने ती बसवून देणारे भेटतात, पण अशा यंत्रांना अद्ययावतीकरण मिळत राहील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हिशेबाच्या यंत्राला आडमार्ग नको.

बदलाचा क्रम

पहिली पायरी नकलेची. हिशेबाच्या प्रोग्रॅममधून बॅकअप घ्यावा आणि त्याखेरीज माहितीचा मूळ फोल्डरही बाहेरच्या डिस्कवर उतरवावा. एक प्रत पेढीत, दुसरी घरी. नक्कल घेतली एवढ्यावर थांबू नये. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल ही न वटलेल्या धनादेशासारखी असते. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि इलेक्ट्रॉनिक नोंदींची योग्य नक्कल ठेवून अपघातानंतर त्या वाजवी वेळेत पुन्हा उभ्या करता आल्या पाहिजेत, असे केंद्रीय जीएसटी नियमावलीच्या ५७ व्या नियमात म्हटले आहे. म्हणजे नक्कल ठेवणे ही केवळ सावधगिरी नसून कायदेशीर जबाबदारीही आहे.

दुसरी पायरी ताळ्याची. बदलाच्या दिवशी तेरीज, रोख व बँक शिल्लक, मालाचा साठा आणि शेवटच्या बिलाचा क्रमांक छापून ठेवावा. काम झाल्यावर हेच आकडे पुन्हा काढून ताडावेत. फर्मवेअरच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, म्हणजे मूळ सेटिंग काय होते याविषयी वाद राहत नाही.

तिसरी पायरी अडथळे शोधण्याची. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर ते तात्पुरते स्थगित करावे आणि ४८ अंकी परतकिल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. प्रणाली ३२ बिटची असेल तर तिचे थेट रूपांतर होत नाही. तेथे नव्याने स्थापना हाच मार्ग. बाजारात जुळवून घेतलेल्या आपल्याकडच्या संगणकांत नेहमी भेटणारा अडथळा वेगळा आहे. त्यांत सी, डी, ई, एफ असे विभाग पाडलेले असतात आणि सी वगळता बाकीचे बहुधा 'लॉजिकल' प्रकारचे असतात. मायक्रोसॉफ्टचे रूपांतराचे साधन अशी डिस्क नाकारते. मुख्य विभाग तीनपेक्षा जास्त असले तरी नाकारते. हिशेब नेमका डी किंवा ई विभागात असतो, म्हणून तो आधी बाहेरच्या डिस्कवर हलवून, तेथे उघडून, खात्री पटल्यावरच ते विभाग काढावेत.

चौथी पायरी रूपांतराची. हे साधन विंडोज १० मध्ये २०१७ च्या आवृत्तीपासून सोबतच येते. त्याचे नाव 'एमबीआर टू जीपीटी'. त्याला आधी 'व्हॅलिडेट', म्हणजे केवळ तपासून सांग, असा हुकूम द्यावा. तपासणीत डिस्क उत्तीर्ण झाली तरच 'कन्व्हर्ट'चा हुकूम द्यावा. विंडोज चालू असताना हे करायचे तर त्याला तशी परवानगी स्वतंत्र शब्दांनी द्यावी लागते. माहितगार तंत्रज्ञाला ते ठाऊक असते. हे साधन फाइलींना हात लावत नाही. ते विभागांची नोंद नव्या रीतीने लिहिते आणि यूईएफआयसाठी एक छोटा विभाग तयार करते. याच कामासाठी कोणी 'क्लीन' हा हुकूम वापरू लागला तर त्याला तेथेच थांबवावे. त्या हुकमाने डिस्क कोरी होते.

पाचवी पायरी फर्मवेअरची. रूपांतर झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करताना डिलीट, एफ २ किंवा एफ १० यांपैकी त्या यंत्राची जी कळ असेल ती दाबून सेटिंगमध्ये जावे, सीएसएम किंवा लेगसी बंद करून यूईएफआय निवडावे आणि बाहेर पडावे. विंडोज नीट सुरू झाली, आकडे जुळले, की मग सिक्युअर बूट, त्यानंतर टीपीएम, आणि सर्वांत शेवटी विंडोज ११. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर तपासणी, असे केले तर अडले कोठे ते शोधावे लागत नाही. 'साटा मोड' नावाच्या सेटिंगला मात्र हात लावू नये. ते बदलले तर चांगली विंडोजही सुरू होत नाही.

शेवटी छपाई यंत्र, वजनकाट्याची जोडणी आणि डिजिटल सहीचे टोकन चालते का ते पाहावे, आणि छापून ठेवलेली तेरीज पडद्यावरच्या तेरजेशी ताडावी.

पडदा काळा झाला तर

फर्मवेअर यूईएफआयवर नेले, पण डिस्कचे रूपांतर झालेच नव्हते, असा प्रकार सर्वाधिक घडतो. विंडोज सुरू होत नाही आणि सर्व संपले असे वाटते. अशा वेळी काहीही संपलेले नसते. सेटिंग पुन्हा लेगसीवर न्यावे. संगणक पूर्वीसारखा सुरू होतो. याच क्षणी 'आता फॉरमॅटशिवाय इलाज नाही' असे सांगणारा माणूस समोर असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

याच्या उलट, रूपांतर झालेले असेल तर लेगसीवर परतून उपयोग नाही. यूईएफआयच निवडावे लागते.

जुने वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडद्यावर काहीच न दिसण्याची शक्यता असते. तेव्हा कार्ड काढून मदरबोर्डवरील पडद्याची जोडणी वापरून पाहावी. आणखी एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मदरबोर्डवर घड्याळात असतो तसा गोल सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर फर्मवेअर आपली सेटिंगे विसरते आणि मूळ स्थितीवर जाते. काही यंत्रांत ती मूळ स्थिती लेगसीची असते. मग महिनाभर नीट चाललेला संगणक एके सकाळी सुरूच होत नाही. संगणकातील तारीख मागे पडत असेल तर सेल संपत आल्याची ती खूण आहे. रूपांतराच्या दिवशीच हा किरकोळ किमतीचा सेल बदलून टाकावा. रूपांतर चालू असताना वीज जाऊ नये म्हणून चालता यूपीएस हवा; पावसाळी वादळाच्या दिवशी हे काम काढू नये.

तिसऱ्या वर्गासाठी

यादीबाहेरच्या यंत्राचाही लगेच निकाल लावण्याची गरज नाही. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षेची योजना मायक्रोसॉफ्टने जाहीर केली: घरगुती संगणकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि संस्थांसाठी पैसे भरून तीन वर्षांपर्यंत. आपले यंत्र कोणत्या गटात बसते ते पाहून घ्यावे. केवळ जुन्या वर्षांचे हिशेब पाहण्यासाठी असलेले यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवता येते. पत्रव्यवहार आणि इंटरनेट एवढाच वापर असेल तर लिनक्सची प्रणाली जुन्या यंत्रावर चालते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची तशी भारतीय प्रणाली तयार केली आहे. आपला हिशेबाचा प्रोग्रॅम मात्र तिच्यावर चालेल का, ते आधी विचारावे.

यंत्र काढून टाकायचे ठरलेच, तर त्यातील डिस्क आधी काढून घ्यावी. ग्राहकांची नावे, बँक खाती आणि उधारीचे आकडे असलेली डिस्क भंगारवाल्याच्या हाती जाता कामा नये. उरलेले यंत्र ई-कचऱ्याच्या अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावे.

कोणत्या दिवशी करावे

हे काम नवी आवक सुरू होण्यापूर्वी, जीएसटी विवरणाच्या तारखा टाळून, पेढीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी हाती घ्यावे, म्हणजे अडचण आली तर अख्खा दिवस हाताशी राहतो. काम करून देणारा माणूस कितीही जाणता असला तरी घरातील एकाने शेजारी बसून प्रत्येक पायरी वहीत लिहावी: कोणते सेटिंग होते, कोणते केले, केव्हा केले. फर्मवेअरला पासवर्ड घातला तर तोही त्याच वहीत लिहून, वही तिजोरीत ठेवावी. विंडोज ११ झाल्यानंतर अद्ययावतीकरण चालू राहू द्यावे. सिक्युअर बूटची २०११ मधील मूळ प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात आणि त्यांच्या जागी येणारी नवी प्रमाणपत्रे याच मार्गाने यंत्रात पोहोचतात. नमुना सह्यांचे कार्डही बँक अधूनमधून नवे मागते, त्यातलाच हा प्रकार. पुढच्या खेपेला तंत्रज्ञ दुसरा असेल, कदाचित पेढीवर बसणारा माणूसही दुसरा असेल. त्याला ती वही उघडून पाहता येईल.